करते, करतेय, केलंय : इंग्रजीतला वर्तमानकाळ कधी कोणता?



भोर-वेल्ह्यातल्या गटांच्या बैठकीत हिशेब संपला, वह्या मिटल्या की हल्ली एक विषय हमखास निघतो. "ताई, इंग्रजी शब्द कळतात, पण वाक्य बोलायला गेलं की अडतं. 'ॲम' लावायचं, 'हॅव' लावायचं, की काहीच लावायचं नाही?" हा प्रश्न आता हौसेचा राहिलेला नाही. पुण्याहून इंद्रायणी तांदळाची विचारणा फोनवर इंग्रजीत येते. राजगड-तोरण्याला येणारी पोरं जेवणाचं इंग्रजीत विचारतात. बँकेचा कागद इंग्रजीत असतो. आणि घरी मुलं वही घेऊन पुढ्यात बसतात. आपल्या राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं. आपल्यातल्या बऱ्याच जणी त्याआधीच्या, पाचवीत एबीसीडी गिरवणाऱ्या. मुलं चार वर्षं आधी सुरुवात करतात, पण अडतात तिथंच, जिथं आपण अडतो.

का अडतो, ते आधी पाहू. त्याचं कारण आपल्या मराठीत आहे.

शेजारीण विचारते, "काय करतेस गं?" आपण म्हणतो, "भाकरी करते." म्हणजे आत्ता, या घडीला.
कुणी विचारतं, "गटात काय करता?" आपण म्हणतो, "पापड करते." म्हणजे नेहमी. आत्ता हातात लाटणं असेलच असं नाही.
"उद्या आहेस का?" "नाही, उद्या पुण्याला जाते." म्हणजे अजून व्हायचंय.
"किती वर्षं झाली इथं?" "पंधरा वर्षं राहते." म्हणजे तेव्हापासून आजपर्यंत.

बघा, करते, जाते, राहते. शेवटचा 'ते' एकच, पण कामं चार. मराठीत ऐकणाऱ्याला संदर्भावरून बरोबर कळतं, त्यामुळे आपलं काही बिघडत नाही. इंग्रजीत मात्र या चार कामांना वेगवेगळी रूपं लागतात. म्हणून आजची एकच गोष्ट मनात ठेवा : मराठी क्रियापदाकडे बघून इंग्रजी करू नका, वेळेकडे बघा. तोंड उघडण्याआधी स्वतःला विचारा, हे नेहमीचं आहे, आत्ता चालू आहे, होऊन गेलंय, की तेव्हापासून चालत आलंय?

पहिलं : नेहमीचं

जे नेमाने होतं, त्याला साधा वर्तमानकाळ. यासाठी आपल्याकडे तयार धडा आहे, तो म्हणजे गटाची पंचसूत्री. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. पाचही ठिकाणी 'नियमित' आहे ना? मग पाचही वाक्यं साध्या वर्तमानकाळात जातील. "वी मीट एव्हरी वीक." "वी सेव्ह एव्हरी वीक." "वी लेंड टू अवर मेंबर्स." "वी रिपे ऑन टाइम." "वी कीप अकाउंट्स." कुठंही 'आर' नाही, 'हॅव' नाही. गटाला भेट द्यायला पाहुणे आले आणि ही पाच वाक्यं तुम्ही बोललात, तर गटाची सगळी ओळख झाली.

कायम खरं असतं तेही याच काळात. नीरा भोरवरून वाहते : "द नीरा फ्लोज थ्रू भोर." वेल्ह्यात पाऊस फार : "इट रेन्स अ लॉट इन वेल्हे." एसटीचं वेळापत्रकही असंच : "द बस लीव्ह्ज ॲट सिक्स." गाडी उद्याची असली तरी वेळ ठरलेली आहे, म्हणून चालतं.

इथं दोन खड्डे आहेत. एक म्हणजे शेवटचा 'स'. मी किंवा आम्ही असेल तर 'मेक', पण ती, तो किंवा एखादी वस्तू असेल तर 'मेक्स'. "आय मेक पापड. माय सिस्टर मेक्स मसाला." दुसरा खड्डा मराठीचा. शाळेत आपण रीति वर्तमानकाळ शिकलो होतो, आठवतंय? "मी दर आठवड्याला बाजाराला जात असते." या 'असते'मुळे आपण इंग्रजीत 'ॲम' घालतो आणि "आय ॲम गोइंग टू द मार्केट एव्हरी वीक" म्हणतो. 'जात असते' म्हणजे सवय, आणि सवयीला इंग्रजीत साधंच रूप : "आय गो टू द मार्केट एव्हरी वीक."

दुसरं : आत्ता चालू आहे

मराठीत 'करतेय', 'चाललंय' म्हणतो, तिथं इंग्रजीत 'ॲम, इज, आर' आणि क्रियापदाला 'इंग'. "आय ॲम कुकिंग." "इट इज रेनिंग." वरच्या वाक्याशी ताडून बघा. "इट रेन्स अ लॉट" हा वेल्ह्याचा स्वभाव झाला. "इट इज रेनिंग" म्हणजे आत्ता बाहेर पडू नका.

'आत्ता' म्हणजे अगदी या क्षणालाच असं नाही. आषाढात लावणी चालू आहे, आणि तुम्ही बांधावर चहा घेताय. तरीही फोनवर सांगाल, "वी आर प्लांटिंग राइस." हे काम या दिवसांत सुरू आहे, थोड्या दिवसांनी संपेल. जे तात्पुरतं, ते 'इंग'मध्ये. मुलगी शिकायला पुण्याला मावशीकडे राहत असेल तर "शी इज लिव्हिंग विथ हर आंट." घर तिचं इथंच आहे, हे त्यात आपोआप आलं.

ठरवलेला बेतही याच रूपात : "आय ॲम गोइंग टू पुणे टुमॉरो." आणि दारावर हाक आली की आपण "आले, आले!" म्हणतो. मराठीत तो भूतकाळ, पण आपण तर अजून चुलीपाशीच असतो! इंग्रजीत तिथं "आय ॲम कमिंग."

काही क्रियापदं मात्र सहसा 'इंग' घेत नाहीत. माहीत असणं, हवं असणं, आवडणं, कळणं, जवळ असणं. ही कामं हातापायांनी होत नाहीत, ती एक स्थिती असते. म्हणून "आय नो", "आय वाँट", "आय लाइक", "आय अंडरस्टँड". दोन म्हशी आहेत तर "आय हॅव टू बफेलोज." "आय ॲम हॅविंग टू बफेलोज" नाही. 'हॅविंग' जेवणाला चालतं : "वी आर हॅविंग लंच."

तिसरं : झालंय

"जेवलीस का?" हे आपण कुणालाही विचारतो. इंग्रजीत "हॅव यू ईटन?" जेवण होऊन गेलं, पण विचारण्यामागचा मुद्दा आत्ताचा आहे, ताट वाढायचं की नाही. होऊन गेलेल्या गोष्टीचा धागा आत्ताशी जोडलेला असला की 'हॅव' किंवा 'हॅज'. 'केलंय, दिलंय, पाठवलंय' अशी मराठीत शेवटी 'य' येणारी रूपं आठवा, ती बहुतेक इथं बसतात. "वी हॅव सेंट द पार्सल." "शी हॅज पेड."

एक अट पक्की. कधी झालं ते त्याच वाक्यात सांगितलं, म्हणजे काल, परवा, सोमवारी, तर 'हॅव' काढून टाकायचं. "वी सेंट द पार्सल यस्टरडे." 'हॅव सेंट' आणि 'यस्टरडे' एका वाक्यात नांदत नाहीत.

हे काळजीपूर्वक शिकायचं कारण पैशाचं आहे. ही दोन वाक्यं ऐका. "आय हॅव रिपेड द लोन." "आय ॲम रिपेइंग द लोन." पहिल्यात कर्ज फिटलं. दुसऱ्यात हप्ते अजून चालू आहेत. कागदावर यांतलं कोणतं वाक्य लिहिलंय, त्यावर तुमच्या डोक्यावर कर्ज आहे की नाही हे ठरतं. म्हणून सही करण्याआधी क्रियापद वाचा. 'इंग' आहे की 'हॅव' आहे, एवढं तरी बोट ठेवून बघा. कळलं नाही तर समोरच्याला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत सही थांबवा.

चौथं : तेव्हापासून चालत आलंय

"पंधरा वर्षं इथं राहते" हे आपण सर्रास "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फिफ्टीन इयर्स" असं करतो. यात दोन दुरुस्त्या आहेत. सुरुवात मागं झाली आणि अजून चालू आहे, म्हणून 'हॅव बीन' आणि 'इंग' : "आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फिफ्टीन इयर्स." दुसरी दुरुस्ती 'सिन्स'ची. कधीपासून हे सांगायचं तर 'सिन्स', किती काळ हे सांगायचं तर 'फॉर'. सालाला, वाराला, महिन्याला 'सिन्स'. मोजलेल्या वर्षांना, महिन्यांना, दिवसांना 'फॉर'.

नाबार्डने बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग १९९२ साली सुरू केला. ते काम आजही चालू आहे. मग वाक्य होईल, "बँक्स हॅव बीन लेंडिंग टू सेल्फ-हेल्प ग्रुप्स सिन्स १९९२." आता यात तुमच्या गटाचं नाव, काम आणि साल घालून बघा. वह्या जुन्या असतील तर हे वाक्य फार कामाचं आहे, कारण टिकून राहिलेल्या गटावर समोरचा माणूस भरवसा ठेवतो.

प्रश्नाचा पहिला शब्द पकडा

आता एक सोपी युक्ती. समोरचा इंग्रजीत घाईने बोलला आणि सगळं कळलं नाही, तरी प्रश्नाचा पहिला शब्द नीट ऐका. 'डू' किंवा 'डज' आलं तर नेहमीचं विचारतोय. 'आर' किंवा 'इज' आलं आणि पुढे 'इंग' ऐकू आलं तर आत्ताचं, नाहीतर ठरलेला बेत. 'हॅव' आलं तर झालं का, आणि 'हॅव यू बीन' आलं तर कधीपासून.

समजा, श्रावणात पुण्याच्या दुकानातून फोन आला, "डू यू मेक रागी पापड?" बाहेर पावसाची झड लागलेली, आठ दिवस ऊन नाही. आपली ताई अंगणाकडे बघते आणि म्हणते, "नो, मॅडम." तिच्या मनात असतं, या पावसात कुठले पापड! पण विचारणारीने 'डू' म्हटलंय. तिला कळतं, हा गट नाचणीचे पापड करतच नाही. ती दुसरा नंबर लावते. एका शब्दाने वर्षभराची ऑर्डर जाऊ शकते, आणि गेली हे आपल्याला कळतही नाही.

तिथं असं सांगायचं : "यस, वी मेक रागी पापड. वी आर नॉट मेकिंग देम नाऊ, इट इज रेनिंग. बट वी हॅव केप्ट सम इन स्टॉक. वी हॅव बीन मेकिंग पापड फॉर टेन इयर्स." नेहमी करतो, आत्ता करत नाही, थोडे करून ठेवलेत, दहा वर्षं करत आलोय. चारही रूपं या एका उत्तरात आली, आणि ऑर्डरही हातची गेली नाही.

गडाच्या पायथ्याशी जेवण देणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा. "डू यू सर्व्ह लंच?" म्हणजे तुमच्याकडे जेवण मिळतं का. "आर यू सर्व्हिंग लंच?" म्हणजे आत्ता वाढताय का. पहिल्याला "यस, फ्रॉम ट्वेल्व्ह टू थ्री" म्हणता येईल. दुसऱ्याला चुलीकडे बघूनच उत्तर द्यावं लागेल.

बोलताना एखादा 'स' राहिला, 'फॉर'च्या जागी 'सिन्स' आलं, तर कुणी फासावर देत नाही. समोरचा समजून घेतो. पण पैसे, माल आणि वायदा यांची गोष्ट असेल, तर एक क्षण थांबा, वेळ ठरवा आणि मग बोला.

पुढच्या बैठकीपर्यंत एवढं करा. प्रत्येकीने आपल्याबद्दल चार वाक्यं लिहून आणायची. रोज काय करता, या दिवसांत काय चालू आहे, या महिन्यात कोणतं काम पूर्ण झालंय, आणि कोणतं काम किती वर्षं करत आलात. लिहिताना मुलांना सोबत घ्या. त्यांना इंग्रजी शब्द सुचतील, तुम्हाला काळ बरोबर सुचेल, कारण कोणतं काम नेमाचं आणि कोणतं चार दिवसांचं, हे घर आणि शेत सांभाळणारीला चांगलं कळतं. वाक्यं बैठकीत मोठ्यानं वाचायची. कुणी चुकलं तर हसायचं नाही, शेजारणीने दुरुस्त करायचं.

पुढच्या वेळी भूतकाळ घेऊ. तोवर नमस्कार!