दोन जाळ्यांमधला सेतू



कामगार संघटनेच्या माणसाने संगणकावर बोलावे याचे कोणास नवल वाटेल. परंतु माणसे जोडणे हा आमचा जन्माचा धंदा. तेव्हा यंत्रे कशी जोडतात हे शिकून घ्यावेसे आम्हांस वाटले, तर ते स्वाभाविकच आहे.

प्रश्न साधा आहे. एका खोलीतील संगणक तारेने एकमेकांस जोडलेले आहेत. शेजारच्या खोलीतील जाळे निराळे आहे. दोन्ही एक करण्यास नवे यंत्र घेतलेच पाहिजे काय? नाही. अडगळीतला जुना संगणक, त्यात दोन नेटवर्क कार्डे आणि लिनक्स, एवढे पुरे. लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली प्रसिद्ध केला. १९९२ पासून त्याचा परवाना असा आहे की, कोणीही तो वापरावा, उघडून पाहावा, सुधारावा व दुसऱ्यास द्यावा. ज्याच्या हाती हत्यार, त्याला त्याची रचनाही पाहता यावी, हे आम्हांस विशेष मोलाचे वाटते.

आता सेतूचे काम पाहू. प्रत्येक कार्डास ४८ बिटांचा पत्ता असतो. माहितीच्या प्रत्येक पाकिटावर धाडणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. धाडणारा कोणत्या बाजूचा, हे सेतू टिपून ठेवतो. पुढे त्याच्या नावचे पाकीट आले की ते नेमके त्याच बाजूस सोडतो; घेणारा अनोळखी असेल, तर आलेली बाजू वगळून सर्वत्र धाडतो. ३०० सेकंद कोणी गप्प राहिला, तर सहसा त्याची नोंद पुसली जाते. गिरणीच्या फाटकावरचा जमादार असाच चेहरे पाहून शिकतो. संगणकाचा स्वतःचा आयपी पत्ता मात्र कार्डास न देता सेतूस द्यावयाचा.

दोन जाळी दोन वाटांनी जोडली गेली, तर पाकिटे गरगर फिरत राहतात आणि जाळे कोंडते. यावर रेडिया पर्लमन या विदुषीने १९८५ साली तोड काढली: जादा वाट ओळखून ती बंद ठेवावयाची. लिनक्सच्या सेतूत ही सोय आहे, पण ती बहुधा आपण होऊन चालू करावी लागते.

बिनतारी जोडणीवर हा सेतू बहुधा चालत नाही. कारण वायफायचे केंद्र ज्याची नोंद झाली त्याच पत्त्याची पाकिटे स्वीकारते. तेथे लिनक्सला राउटर करावे. जाळी वेगळीच राहतात. संगणक पाकिटांची ने-आण करतो आणि आतल्या यंत्रांच्या वतीने बाहेर स्वतःचा पत्ता देतो.

हा भेद केवळ तांत्रिक नव्हे. सेतू बांधला की मधली भिंत गेली. ज्या जाळ्यावर सभासदांची यादी आहे, त्यालाच येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन जोडले आणि ती यादी मालकाच्या हाती पडली, तर एखाद्याची भाकरी जाईल. अशा ठिकाणी राउटर ठेवून कोणी आत यावे व कोणी येऊ नये, याचे नियम त्यात लिहावे. जोडावे अवश्य, परंतु काय उघडे पडते, हे आधी पाहून मगच जोडावे.