आधी इंडिकेटर, मग वळण

छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवर क्रांती चौकाकडून येऊन सेव्हन हिल्सपाशी उजवीकडे, गजानन महाराज मंदिराच्या रस्त्याला लागायचं असेल, तर थोडा उलटा हिशेब सांभाळावा लागतो. उड्डाणपुलावर चढलं की चौक खालीच राहतो. म्हणून उजवीकडे जाणाऱ्याला आधी डावीकडे सरकून पुलाशेजारचा खालचा रस्ता धरावा लागतो आणि मग चौकात उजवीकडे वळावं लागतं. म्हणजे थोड्याच अंतरात दोनदा इंडिकेटर: आधी डावा, मग उजवा. यातला एक जरी गाळला, तरी मागच्याला करकचून ब्रेक लावायची वेळ येते.

हेच वळण समोर ठेवून इंडिकेटर कधी, कसा आणि किती वेळ द्यायचा ते पायरीपायरीने पाहू. गाडी नुकतीच शिकलेल्यांना ते उपयोगी पडेलच. वर्षानुवर्षं चालवणाऱ्यांनीही एकदा पडताळून पाहावं.

पहिल्यांदा एक गोष्ट पक्की करू. ‘मी अजून वळलेलो नाही, पण वळणार आहे’ हा निरोप म्हणजे इंडिकेटर. त्यातल्या ‘अजून नाही’ला सगळी किंमत आहे. हँडल वळवता वळवता लावलेला दिवा मागच्याला दिसतंच आहे तेवढं सांगतो. आपल्याकडे इंडिकेटर अजिबात न देणारे जितके खटकतात, तितकेच असे उशिरा देणारेही धोक्याचे.

सुरुवात घराच्या दारातूनच होते. डावं आणि उजवं बटण आळीपाळीने लावून गाडीभोवती एक चक्कर मारा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०२ प्रमाणे हा दिवा पिवळसर-नारिंगी असावा लागतो आणि त्याची उघडझाप मिनिटाला ६० ते १२० वेळा व्हावी लागते. म्हणजे सेकंदाला एक ते दोनदा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

उघडझाप करणाऱ्या छोट्या डबीला फ्लॅशर म्हणतात. गॅरेजवाला तिला रिलेही म्हणेल. टिकटिक एकाएकी भरभर व्हायला लागली, तर बहुतेक वेळा त्या बाजूचा एखादा बल्ब उडालेला असतो. बल्ब गेला की वीज कमी खेचली जाते आणि फ्लॅशरची गती बदलते. तापणाऱ्या पट्टीवर चालणाऱ्या जुन्या फ्लॅशरमध्ये उलट घडतं: लुकलुक मंदावते किंवा दिवा नुसताच पेटून राहतो. हौसेने एलईडी बल्ब बसवले आणि फ्लॅशर जुनाच ठेवला, तरीही गती बिघडते, कारण एलईडी मुळातच कमी वीज खातो.

दुचाकीचं दुखणं आणखी साधं असतं. गाडी एकदा पडली की मागचा इंडिकेटर वाकून जमिनीकडे पाहू लागतो, आणि तो सरळ करायचं राहून जातं. कधी त्यावर चिखल बसतो, कधी मागे बांधलेली गोणी तो झाकते. ऐन उन्हाळ्यात दुपारी दोनच्या लख्ख उन्हात तर धूळ बसलेला दिवा पेटला काय आणि विझला काय, सारखंच. वाळूजला १९८५ पासून बजाजच्या गाड्या तयार होतात आणि वाहनांचे दिवे बनवणारी व्हेरॉकही याच शहरातली. इतकं सगळं हाताशी असताना मोडक्या इंडिकेटरवर महिनोन्‌महिने फिरण्याचं कारण फक्त आळस.

आता रस्त्यावर या. पुलाचा चढ दिसू लागला की पहिलं काम आरशात पाहण्याचं. बटण त्यानंतर. मागे किती अंतरावर कोण आहे, डावीकडून एखादी स्कूटर घुसते आहे का, हे कळल्याशिवाय निरोप कोणाला द्यायचा ते कळणार नाही. आरसे आत दुमडून किंवा काढून ठेवणाऱ्यांची पहिली पायरी इथेच निसटते.

आरशात पाहून झालं की डावा इंडिकेटर, आणि तो सरकण्याच्या निदान तीन सेकंद आधी. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. तीन सेकंदांत सुमारे ३३ मीटर. मागच्याला दिवा दिसणं, त्याचा अर्थ लागणं आणि पाय ब्रेकवर जाणं यातच सेकंद-दीड सेकंद जातो. उरलेल्या वेळात त्याला वेग कमी करायचा असतो. चालवता चालवता घड्याळ कोण पाहणार? टिकटिक मोजा. पाच टिकटिकी झाल्या की साधारण तीन सेकंद भरतात.

पण फार लवकरही देऊ नका. जालना रोडला डावीकडे दुकानं, दवाखाने, गल्ल्या एकाला एक लागून आहेत. आपल्या वळणाआधीची गल्ली यायच्या आतच दिवा लावला, तर मागचा समजतो की आपण तिथेच वळणार, आणि त्या गल्लीच्या तोंडाशी थांबलेला माणूस निर्धास्तपणे बाहेर येतो. आधीची गल्ली मागे पडली की दिवा लावावा, आणि तीन सेकंद मिळावेत म्हणून तेव्हाच वेग उतरवायला लागावं.

पुढची पायरी खात्रीची. प्रत्येक गाडीला आरशात न दिसणारा एक कोपरा असतो, साधारण आपल्या खांद्याच्या मागे. मोटारसायकल त्यात आख्खी मावते. म्हणून सरकण्याआधी मान वळवून एकदा तिकडे पाहा. इंडिकेटर ही विनंती आहे. त्याने रस्ता आपल्या मालकीचा होत नाही. तिकडे कोणी असेल तर दिवा चालू ठेवून थांबा, त्याला जाऊ द्या, मग सरका.

डावीकडे आलात की लगेच डावा इंडिकेटर बंद करा. नेमकं इथेच सर्वांत जास्त चुकतं. चारचाकीत स्टिअरिंग बरंचसं फिरून परत सरळ झालं की इंडिकेटरची दांडी आपोआप जागेवर येते. रांग बदलताना मात्र स्टिअरिंग जेमतेम हलतं, त्यामुळे दांडी तशीच अडकून राहते. ती हातानेच सोडवावी लागते. अमेरिकेत अभियंते रिचर्ड पोन्झियानी यांनी १२,००० वाहनांचं निरीक्षण करून २०१२ मध्ये जे मांडलं, त्यातही हेच दिसलं होतं: वळताना सुमारे पाव चालक इंडिकेटर द्यायचं चुकवतात, पण रांग बदलताना जवळपास निम्मे तो देत नाहीत किंवा दिल्यावर बंद करत नाहीत.

आता उजवा इंडिकेटर, पुन्हा तीन सेकंद आधी. वेग उतरवत चौकात मधल्या बाजूला या. समोरून सरळ येणाऱ्यांना आधी जाऊ द्या, पायी रस्ता ओलांडणाऱ्यांकडे पाहा आणि मग वळा. अगदी डाव्या कडेने येऊन सगळ्यांच्या पुढ्यातून उजवीकडे आडवं जाणाऱ्याचा दिवा चालू असला, तरी तो नियम पाळतो आहे असं म्हणता येत नाही.

वळण संपलं की दिवा बंद. बहुतेक दुचाक्यांत तो आपोआप बंद होत नाही. बटण मध्ये दाबावं लागतं, आणि वाहतुकीच्या गोंगाटात टिकटिक ऐकूही येत नाही. विसरलेला इंडिकेटर न दिलेल्या इंडिकेटरपेक्षा वाईट, कारण तो चक्क खोटं सांगतो. म्हणून दुसऱ्या बाजूचा धडाही घ्या: आपण गल्लीच्या तोंडाशी उभे असाल आणि येणाऱ्याचा डावा दिवा लुकलुकत असेल, तरी त्याचा वेग उतरलेला दिसल्याशिवाय गाडी पुढे काढू नका.

काही सवयी आपल्याकडे नियमासारख्याच रुजल्या आहेत. चौकातून सरळ जायचं म्हणून चारही इंडिकेटर एकदम लावणं ही त्यातली एक. त्यामागचा हेतू चांगला असतो, पण आडव्या रस्त्यावर उभ्या असलेल्याला आपल्या गाडीची एकच बाजू दिसते. त्याला वाटतं, हा आपल्याकडेच वळतोय. चारही दिवे एकदम लावायची सोय बंद पडलेल्या किंवा अडथळा होऊन उभ्या राहिलेल्या गाडीसाठी आहे. सरळ जाणाऱ्याला कुठलाच इशारा लागत नाही.

महामार्गावर ट्रकचा उजवा इंडिकेटर असाच कोड्यात टाकतो. कोणी तो ‘उजवीकडून पुढे जा’ म्हणून देतो, तर कोणी ‘मी उजवीकडे येतोय, थांब’ म्हणून. घाटातल्या वळणांवर हा अंदाज अंगाशी येऊ शकतो. अशा वेळी अर्थ एकच धरा, तो म्हणजे थांबण्याचा. समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी मोकळा दिसला तरच पुढे जा.

रिक्षावाल्यांचा मुद्दा वेगळा. त्यांना वळण्यापेक्षा थांबावंच जास्त लागतं, आणि प्रवाशाने हात केला की रिक्षा तिथल्या तिथे उभी राहते. थांबण्यासाठी कडेला येणं हेही डावीकडे सरकणंच. त्यालाही डावा इंडिकेटर हवा. कोणत्याही वाहनाचा दिवा बिघडला असेल किंवा ट्रॅक्टरमागच्या उसाच्या ट्रॉलीमुळे झाकला गेला असेल, तर हाताचे इशारे आहेतच. उजवा हात आडवा बाहेर म्हणजे उजवीकडे. तोच हात घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला म्हणजे डावीकडे. तळवा खाली करून हात वरखाली केला म्हणजे वेग कमी करतोय.

कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १२१ ने इशारा देणं बंधनकारक केलं आहे, आणि रस्त्यावर गाडी चालवण्याचे विनियम मोडले तर २०१९ च्या दुरुस्तीतून आलेल्या कलम १७७अ खाली ५०० ते १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पण प्रत्येक वळणावर पोलीस उभा नसतो, त्यामुळे सवय लावण्याचं काम आपलं आपल्यालाच करावं लागतं.

त्या सवयीच्या आड येणारी सबब बहुधा एकच असते: ‘मागे कोणी नव्हतं.’ सिडकोच्या रिकाम्या गल्लीत सकाळी सहाला ती खरीही वाटते. पण मागे कोणी आहे की नाही हे ठरवून मग बटण दाबायचं, म्हणजे प्रत्येक वळणावर एक जादा निर्णय आला, आणि गर्दीत नेमका तोच चुकतो. शिवाय जो आपल्याला दिसला, त्याला आपण सांभाळून घेतोच. दिव्याची खरी गरज असते ती आपल्या नजरेतून सुटलेल्या सायकलवाल्याला. म्हणून प्रत्येक वळणाला, कोणी असो वा नसो, आरसा, इंडिकेटर, मान वळवून खात्री, वळण आणि शेवटी दिवा बंद, याच क्रमाने जा. काही दिवसांत अंगठा आपणहून बटणाकडे जाऊ लागेल.