पहिले पान टाकण्याआधी

लहानपणी सुट्टीत आजोळी आम्ही मेंढीकोट आणि पाच-तीन-दोन खेळायचो. त्या खेळांनी एक सवय लावली. एक्का हातात आहे ना, मग मारा आणि हात उचला! पुढे मामांनी ब्रिज शिकवायला घेतले तेव्हा हीच सवय आडवी आली. एका डावात ती अशी महागात पडली, की तो डाव मला आजही पानापानाने पाठ आहे. रेडिओवर पत्ते दाखवता येत नाहीत. तेव्हा घरात पत्त्यांचा कॅट असेल तर काढून बसा.

बोली आमची होती: तीन नो-ट्रंप. म्हणजे हुकूम नाही आणि तेरापैकी नऊ हात करायचे. माझ्याकडे इस्पिकचा एक्का, छक्की, चौकी. बदामचा एक्का, अठ्ठी, तिर्री. चौकटची राणी, अठ्ठी, तिर्री. आणि किलवरचा एक्का, राजा, छक्की, दुर्री. डावीकडच्या प्रतिस्पर्ध्याने इस्पिकचा राजा टाकला. मग समोर बसलेल्या मामांनी डमीची पाने खाली मांडली: इस्पिकची सत्ती, पंजी, बदामचा राजा, छक्की, चौकी, चौकटचा एक्का, गुलाम, दश्शी, नव्वी, पंजी, किलवरची राणी, अठ्ठी, तिर्री.

मी लगेच एक्का मारला. मग चौकटची राणी टाकली. डावीकडून लहान पान, डमीतूनही लहान, आणि उजवीकडून राजा! त्याने इस्पिक परत केले आणि डावीकडच्याने ओळीने चार हात उचलले. पाच गेले, आठ उरले. एक हात कमी.

“मामा, राजा डावीकडे असता तर...”

“राजाचं राहू दे रे. पहिलं पान टाकताना तू मोजलंस काय?”

काहीच मोजले नव्हते. मग मामांनी मोजायला लावले. खात्रीचे हात इस्पिकचा एक, बदामचे दोन, चौकटचा एक, किलवरचे तीन. झाले सात. उरलेले दोन चौकटमधून यायचे, कारण बाहेर मोठे पान म्हणाल तर फक्त राजा. तो डावीकडे असला तर चौकटचे पाच हात, उजवीकडे असला तर एक देऊन चार. चार झाले तरी बेरीज दहा! म्हणजे राजा कुठे आहे, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता, उजवीकडच्याने राजाने हात घेतल्यावर त्याच्यापाशी इस्पिक उरलेले असेल का?

बाहेर इस्पिकची आठ पाने. डावीकडे पाच, उजवीकडे तीन धरा. पहिल्या दोन खेपांना एक्का दाबून ठेवला आणि तिसऱ्यांदा मारला, की उजवीकडची तिन्ही संपली. आता घेऊ दे त्याला राजाचा हात. इस्पिक परत करायला त्याच्याकडे पानच नाही. डावीकडच्याची उरलेली दोन इस्पिके नुसती हातात राहतात, कारण त्याच्याकडे उतारी जातच नाही. गेले तीन हात, झाले दहा. आणि इस्पिके चार-चार वाटलेली असली तर? मग उजवीकडे एक उरते खरे, पण डावीकडेही एकच. इस्पिकचे तीन आणि चौकटचा एक, असे चार जातात. नऊ तरीही आपलेच.

दोन हात आपणहून द्यायचे, हे मेंढीकोटवाल्याच्या मनाला चटकन पटत नाही. पण १९२५ साली हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी एका बोटीच्या प्रवासात काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती बसवली, तेव्हापासून गेमसाठी बोललेलेच हात धरतात. जास्तीच्या हाताचे तीस गुण मिळतात, एवढेच. बोलीला एक कमी पडला की मात्र सगळेच गेले.

अर्थात दर वेळी एक्का दाबायचा नसतो. याच डावात माझी किलवर कच्ची असती, तर दुसऱ्याच हाताला त्यांनी इस्पिक सोडून किलवर काढली असती आणि मी एक्का कुरवाळत बसलो असतो. ते ठरवायलाही आधी चारही रंग नजरेखालून घालावे लागतात.

मामा डमीची पाने खाली आली की चष्मा काढून पुसायचे, चांगला अर्धा मिनिट. घाईची मंडळी चुळबुळ करायची. मामांचा चष्मा मुळात स्वच्छच असायचा, हे मला बऱ्याच उशिरा कळले.