विश्लेषण : इंटरनेट गेले तर स्मार्ट घराचे काय? ‘हब’ निवडताना काय पाहावे?

दिव्यांसाठी एक ॲप, गीझरच्या प्लगसाठी दुसरे, कॅमेऱ्यासाठी तिसरे. स्मार्ट घराची हौस सुरू झाली की मोबाइलवर ॲपची अशी गर्दी होते. ही सगळी उपकरणे एका जागेवरून चालवणारे केंद्र म्हणजे ‘हब’. दुकानात किंमत पाहून किंवा बोलणारा स्पीकर आवडला म्हणून तो घेतला जातो. पण आधी विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे. हबचा मेंदू घरात आहे, की कंपनीच्या सर्व्हरवर?

हा फरक महत्त्वाचा का?

अमेरिकेत ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचा हब सुमारे ३०० डॉलरला मिळत असे. २०१४ मध्ये गूगलच्या मालकीच्या ‘नेस्ट’ने ही कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवाच बंद केली. हबमध्ये काही बिघाड नव्हता. सर्व्हर थांबला आणि ग्राहकांच्या हाती नुसता डबा उरला. २०२० मध्ये ‘विंक’ने आधीच हब विकत घेतलेल्यांकडून दरमहा सुमारे पाच डॉलर मागायला सुरुवात केली. एप्रिल २०२२ मध्ये तर ‘इन्स्टिऑन’चे सर्व्हर पूर्वसूचनेशिवाय बंद पडले. पुढे काही जुन्या ग्राहकांनीच ती कंपनी विकत घेऊन सेवा सुरू केली, पण असे नशीब प्रत्येक हबचे नसते.

‘मॅटर’चा शिक्का पुरेसा आहे?

ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मॅटर’ हे समान मानक आले. ॲपल, गूगल, ॲमेझॉन, सॅमसंग हे स्पर्धक त्यात एकत्र आहेत. मॅटरमध्ये हबचा आदेश घरातल्या नेटवर्कवरूनच उपकरणापर्यंत जातो, ही मोठी जमेची बाजू. मात्र खोक्यावरची बारीक अक्षरे वाचायलाच हवीत. उपकरण ‘मॅटर ओव्हर थ्रेड’ असेल तर ‘थ्रेड बॉर्डर राउटर’ लागतो. तो ॲपलच्या होमपॉड मिनीत आहे, गूगलच्या नेस्ट मिनीत नाही. घरात जुने झिगबी दिवे असतील तर होमपॉड मिनी त्यांच्याशी थेट बोलू शकत नाही. मध्ये वेगळा ब्रिज लागतो.

परदेशातून आणलेला हब चालेल?

झेड-वेव्ह तंत्राचा असेल तर टाळावा. अमेरिकेत तो ९०८.४२ मेगाहर्ट्झवर चालतो, भारतात ८६५.२ वर. त्यामुळे तिकडचा हब आणि इकडची उपकरणे जुळत नाहीत. झिगबीची २.४ गिगाहर्ट्झ उपकरणे असतील तर ही अडचण येत नाही.

मग घ्यायचे काय?

चार-पाच वाय-फाय दिवे आणि प्लगच असतील तर वेगळ्या हबवर खर्च नकोच. दरवाजाचे, हालचाल टिपणारे सेन्सर येऊ लागले की कमी बॅटरी खाणारे झिगबी किंवा थ्रेड बरे. खटपटीची आवड असेल तर ‘होम असिस्टंट’ हे मुक्त सॉफ्टवेअर रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर चालते आणि कारभार घरातच ठेवते. त्यासाठी एखादा रविवार खर्ची पडतो आणि पुढेही घरातल्या कोणाला तरी ते सांभाळावे लागते.

हब कोणताही असो, परत करण्याची मुदत संपण्याआधी एक चाचणी करावी. राउटर चालू ठेवून त्यात येणारी इंटरनेटची केबल काढावी. हाक मारून दिवा बहुधा लागणार नाही. पण सेन्सरसमोरून गेल्यावर तो लागतो का, ठरल्या वेळी गीझर बंद होतो का, हे पाहावे. वीज गेल्यावर राउटर आणि हब दोन्ही इन्व्हर्टरवर राहतात ना, हेही त्याच दिवशी तपासता येते.