एक तिजोरी, तीन दारे

पूर्वी घरात एक लोखंडी पेटी असे. शेताचा सातबारा, मुलांच्या गुणपत्रिका, लग्नातले फोटो आणि अगदी तळाशी आजीच्या पाटल्यांची पावती असे सारे तीत गुण्यागोविंदाने नांदत असे. किल्ली एकच, ती कुणाच्याही हाताने चाले. आता त्या पेटीची जागा तळहाताएवढ्या हार्ड डिस्कने घेतली आहे, आणि हिची किल्ली संगणक पाहून चालते! एका संगणकावर ती मुकाट्याने उघडते, दुसऱ्यावर उघडते पण आत काही ठेवू देत नाही, तिसऱ्यावर तर ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ असे साळसूदपणे विचारते. बेसावधपणे ‘हो’ म्हटले की पेटी रिकामी.

आर्णीसारख्या गावात हा प्रश्न शहरापेक्षा अधिक येतो, असे माझे मत आहे. कारण आमची घरे पांगलेली. थोरली पिढी इथे अरुणावतीच्या काठी, मुले यवतमाळ, नागपूर, पुण्याला. आमच्याच घरचे पाहा. माझ्याकडे विंडोजचा जुना डेस्कटॉप, पुण्याला मुलीकडे मॅक आणि यवतमाळात अभियांत्रिकी शिकणाऱ्या पुतण्याकडे लिनक्स. या पुतण्याने बाबांच्या आवाजातल्या हरिपाठाच्या कॅसेटी मोठ्या चिकाटीने संगणकात उतरवल्या. बाबा जाऊन बरीच वर्षे झाली. कॅसेटींची फीत आता पुन्हा चालवण्याजोगी राहिलेली नाही. बाबांचा आवाज म्हणून जगात जे काही उरले आहे ते एवढेच. तो कोणत्या डबीत ठेवायचा, हा आमच्या घरी नुसता खरेदीचा प्रश्न नव्हता.

बाजारात मुख्यतः दोन जाती. एक जुनी, फिरत्या तबकडीची. तिच्यात तबकडी मिनिटाला साधारण ५,४०० फेऱ्या घेते आणि वाचणारे टोक तिच्यावरून काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत जाते. माणसाचा केस याच्या हजारोपट जाड! चालू असताना ही डिस्क टेबलावरून पडली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. दुसरी जात एसएसडी. तिच्यात फिरणारे काहीच नाही, म्हणून ती धक्का सोसते आणि वेगही कितीतरी अधिक. महाग मात्र आहे. शिवाय वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात पडून राहिली तर तिच्यातला साठा हळूहळू विरू शकतो. वर्षातून एकदोनदा तरी ती जोडून पाहावी.

आमच्या विदर्भाची एक खास अडचण आहे. तबकडीच्या अनेक डिस्कच्या माहितीपत्रकावर चालू असतानाच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश लिहिलेली असते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४ अंशांच्या वर जातो! दुपारी दोन वाजता ढीगभर फोटो उतरवायला बसू नये. ते काम पहाटेचे. आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर कोणतीही डिस्क ठेवू नये. रोज पिशवीतून नेआण असेल तर एसएसडी, कपाटात ठेवायची असेल तर तबकडी, असा माझा कौल आहे.

घेताना एका गोष्टीला भुलू नये. नावगाव नसलेल्या, ‘१६ टीबी’ छापलेल्या आणि किंमत मात्र दोनतीन पुस्तकांएवढी, अशा डिस्क विकल्या जातात. आत जेमतेम पेन ड्राइव्हएवढी जागा असते, पण संगणकाला ती १६ टीबी असल्याचे खोटेच सांगते. जागा संपली की जुने पुसून त्यावर नवे लिहिते, आणि हे कळते महिन्यांनी. उलट दुकानदारावर विनाकारण संशय घेणारेही आहेत. १ टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ जीबीच दिसते, म्हणून भांडायला जातात. यात लबाडी नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या. तीच डिस्क मॅकला लावली की जवळपास १,००० जीबी दिसते. शेर आणि किलोसारखाच प्रकार!

आता खरी मेख. डिस्कवर माहिती मांडायची एक पद्धत असते, तिला फॉरमॅट म्हणतात. विंडोजची आपली एनटीएफएस. ती मॅक वाचतो, पण मुळात तिच्यावर लिहीत नाही. मॅकची स्वतःची पद्धत विंडोजला उमगत नाही. जुनी फॅट-३२ सगळ्यांना चालते, पण तिच्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही. लग्नाच्या शूटिंगची फाइल सहज त्यापुढे जाते. मग डिस्क रिकामी असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असा निरोप येतो आणि घरात गोंधळ उडतो.

यावर तोडगा एक्सफॅटचा. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत २००६ साली आणली, मॅकने ती स्वीकारली आणि २०१९ पासून लिनक्सच्या गाभ्यातही ती आली. आम्ही तीच निवडली. विंडोजवर डिस्कच्या चित्रावर उजवी टिचकी मारून ‘फॉरमॅट’ आणि त्यात ‘एक्सफॅट’ निवडायचे. मॅकवर हेच काम ‘डिस्क युटिलिटी’तल्या ‘इरेज’ने होते. हे मात्र डिस्क कोरी असतानाच करावे, कारण फॉरमॅट म्हणजे आधीचे सारे पुसणे. टीव्हीला लावायची असेल तर त्याच्या माहितीपुस्तिकेत एक्सफॅटचे नाव आहे का, ते आधी बघावे. सगळे टीव्ही ती वाचत नाहीत.

एक्सफॅटची एक खोड आहे. ती नोंदवही ठेवत नाही. म्हणजे लिहिता लिहिता केबल ओढली किंवा वीज गेली तर अर्धवट राहिलेला व्यवहार सावरायला तिच्याकडे काही नसते. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. तेव्हा डेस्कटॉपवर इन्व्हर्टरविना मोठे काम करू नये आणि डिस्क काढताना ‘इजेक्ट’ म्हटल्याशिवाय हात लावू नये.

मराठी माणसाच्या वाट्याला आणखी एक तिढा येतो. फाइल उघडते, पण अक्षरे भलतीच! लग्नपत्रिका, स्मरणिका, वंशावळी वर्षानुवर्षे श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांत टाइप झाल्या. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की ‘श्री गणेशाय’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. यात डिस्कचा काही दोष नाही. अशा मजकुराची पीडीएफ करून सोबत ठेवावी आणि जमेल तसे युनिकोडमध्ये बदलून घ्यावे. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाकडे घराण्याचा शंभर पानांचा इतिहास आहे, आणि तो ज्या संगणकावर वाचता येई तो भंगारात गेला. डिस्क शाबूत, अक्षरे शाबूत, पण वाचणारे कुणी नाही.

१९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली तेव्हा तिच्यात ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि मावत होते ते आजच्या मोबाइलच्या एखाद्या फोटोएवढे. आता अख्खे घर खिशात मावते, म्हणून खिसा हरवण्याची भीतीही तेवढीच. २०२३ च्या जुलैत शेजारच्या महागाव तालुक्यात पुरात माणसे अडकली आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाठवावी लागली. त्या दिवसांत ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांच्या कपाटातल्या पेट्यांचे काय झाले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. म्हणून आम्ही दोन डिस्क घेतल्या, दोन्ही एक्सफॅट. एक इथे, एक पुण्याला. दिवाळीला मुलगी येते तेव्हा वर्षभराचे फोटो दोन्हींवर चढतात. यंदा तिने मॅकवर पहिली फाइल उघडली ती हरिपाठाची. मध्येच बाबा खोकले, कुणाला तरी पाणी मागितले आणि पुढची ओवी लावली.