करडेपणाची भीती नको, ओलीची बाळगा

अमेरिकेत ओंडक्यांची घरं बांधायची रीत रुजली ती सतराव्या शतकात डेलावेअर नदीच्या खोऱ्यात उतरलेल्या स्वीडिश आणि फिनिश वसाहतकऱ्यांमुळे. आज रॉकी पर्वताच्या उतारांवर पाइन-स्प्रूसची अशी जुनी घरं पुष्कळ दिसतात. उन्हापावसात ती करडी, कळाहीन होतात. मग मालक घाबरून चकचकीत वार्निशचा डबा आणतो आणि आहे त्या भिंतीवर चढवतो. खरी नासाडी बहुधा तिथून सुरू होते.

करडेपणाचं कारण साधं आहे. लाकडाच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं लिग्निन अतिनील किरणांनी तुटतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे सैल तंतू उरतात. त्यावर काळपट बुरशी धरते. पण ही झीज वरवरची. सूचिपर्णी लाकूड शंभर वर्षांत जेमतेम ६ मिलिमीटर झिजतं, असा मॅडिसनच्या सरकारी वन-उत्पादन प्रयोगशाळेतल्या अभ्यासकांचा हिशेब आहे. घर बसतं ते आत मुरलेल्या पाण्याने.

म्हणून ब्रशआधी हातात आरी घ्यावी. जमिनीलगतचे एकदोन ओंडके, कोपऱ्यांतून बाहेर आलेली टोकं, पन्हळीखालची जागा आणि आकाशाकडे तोंड केलेल्या भेगा, इथे ती टोचून पाहायची. टणक लाकडात टोक अडतं. कुजक्यात लोण्यात जावं तसं आत जातं. कापलेल्या टोकांकडे विशेष लक्ष हवं, कारण उभ्या तंतूंच्या तोंडातून पाणी सगळ्यांत लवकर शोषलं जातं. कुजलेला भाग कापून तिथे नवं लाकूड बसवावं लागतं, आणि पन्हळ गळत असेल तर आधी ती दुरुस्त करावी. नाहीतर पुढचा सगळा खर्च पाण्यात.

मग जुना थर उतरवायचा. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा भरडा हवेच्या दाबाने भिंतीवर मारतात. वाळूपेक्षा तो मऊ, त्यामुळे लाकडाला फारसे खड्डे पडत नाहीत. तरी तंतू उभे राहतातच, ते घासावे लागतात. पॉलिश पेपर ६० ते ८० नंबरचा पुरे. फर्निचरसारखं गुळगुळीत करायचा हौसेखातर हट्ट धरला, तर लाकूड रंग पितच नाही. खिळ्यांभोवतीचे काळे डाग ऑक्झॅलिक आम्लाने निघतात. हातमोजे, चष्मा हवाच, आणि नंतर भिंत भरपूर पाण्याने धुवायची. ब्लीच जपून, कारण तीव्र असेल तर ते तंतूच खातं.

यापुढे घाई नडते. धुतलेली भिंत पुरती वाळू द्यावी. ओलावामापकाचा काटा १५ टक्क्यांच्या आसपास आला की मगच पुढे जावं. कीड-बुरशीसाठी बोरेट द्यायचं तेही रंगाआधीच, उघड्या लाकडाला. वर बघणाऱ्या रुंद भेगांत फोमची दोरी दाबून त्यावर लवचिक सीलंट भरतात. खाली बघणाऱ्या भेगा मात्र मोकळ्या राहिल्या तरी चालतात, पाणी तिथे साचत नाही.

शेवटी रंग. रंगद्रव्य असलेला, लाकडात मुरणारा स्टेन मला वार्निशहून केव्हाही बरा वाटतो. रंगद्रव्य ऊन अडवतं, ओल बाहेर पडायला वाट राहते, आणि तो सोलपटत नाही, फिकट होतो. सावलीत, वरून खाली, फवारला तरी लगेच ब्रशने चोळून लावायचा. दक्षिण आणि पश्चिम भिंती बहुधा तीनेक वर्षांत पुन्हा मागतात. उत्तरेकडची दीर्घकाळ तग धरते, म्हणून चारही भिंती एकाच वेळी रंगवायची गरज नाही. वेळ झाली की नाही हे पाहायला भिंतीवर थोडं पाणी शिंपडावं: थेंब मोत्यासारखे घरंगळले तर थांबा, डाग पडून मुरले तर डबा उघडा.