वाढत्या वस्त्यांचे पिन क्रमांक : बटवड्याची सोय आणि रहिवाशांची तक्रार

पत्त्याच्या अखेरीस लिहावयाचा सहा अंकी पिन क्रमांक हा आपल्या गावाचा वा उपनगराचा क्रमांक आहे, असा सार्वत्रिक समज आढळतो. वस्तुतः तो ज्या टपाल कचेरीतून पत्राचा बटवडा व्हावयाचा त्या कचेरीचा क्रमांक होय. हा भेद प्रथमदर्शनी केवळ शाब्दिक वाटेल. परंतु शहरांच्या कडेला झपाट्याने वाढणाऱ्या वस्त्यांत क्रमांक बदलला, किंवा बदलावयास हवा असून बदलला नाही, म्हणजे जो असंतोष प्रकट होतो, त्याचे मूळ ह्याच भेदात सापडते.

ही पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाली. तिचे श्रेय डाक-तार खात्यातील ज्येष्ठ अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर ह्यांच्याकडे जाते. एकाच नावाची अनेक गावे आणि अनेक लिप्यांत लिहिलेले पत्ते ह्यांमुळे छाननी करणाऱ्या कारकुनाची जी त्रेधा उडे, तिच्यावरचा हा उपाय होता. पहिला अंक देशाचा विभाग दाखवितो (महाराष्ट्र, गोवा, मध्यप्रदेश व छत्तीसगड ह्यांना ४ हा अंक आहे), पहिले तीन अंक मिळून छाननीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक बटवड्याची कचेरी सांगतात. ‘छाननीचा जिल्हा’ म्हणजे महसुली जिल्हा नव्हे, हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे. मुंबईकरास हे स्थित्यंतर फारसे जाणवले नाही, कारण तेथे विभागांचे क्रमांक पूर्वीपासूनच रूढ होते. ‘मुंबई ४’ असलेले गिरगाव ४००००४ झाले, ‘मुंबई २८’ असलेले पश्चिम दादर ४०००२८ झाले. जुना अंक मोडला गेला नाही. त्याच्या आधी नवे अंक जोडले गेले. क्रमांक बदलूनही रहिवाशाची ओळख अबाधित राहिल्याचे असे उदाहरण विरळाच.

वाढत्या वस्तीत मात्र गोष्ट निराळी असते. देशात सुमारे १९ हजार पिन क्रमांक आहेत आणि टपाल कचेऱ्या दीड लाखाहून अधिक आहेत. ह्याचा अर्थ असा की खेड्यांतील शाखा कचेऱ्यांना स्वतःचा क्रमांक नसतो. ज्या उपकचेरीच्या हिशेबात त्या मोडतात तिचाच क्रमांक त्या वापरतात. अशा खेड्याच्या शिवारात गृहसंकुले उभी राहतात. एका पोस्टमनच्या फेरीत जेथे पूर्वी काही शे घरे होती, तेथे एकेका इमारतीतच तेवढी घरे भरतात. मग शाखा कचेरीची उपकचेरी होते, किंवा शेजारच्या मोठ्या कचेरीकडे बटवडा सोपविला जातो, आणि त्या फेरीतील सर्व घरांचा क्रमांक बदलतो. टपाल खात्याच्या दृष्टीने ही केवळ फेऱ्यांची पुनर्रचना होय. घर जागचे हललेले नसते, रस्ता तोच असतो, शेजारीही तेच असतात. फक्त त्यांची पत्रे दुसऱ्या कचेरीतून येऊ लागलेली असतात.

पुण्याचा परिसर ह्या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे १० लाख होती, ती २०११ मध्ये १७ लाखांवर गेली. महानगरपालिकेच्या हद्दीही सरकत गेल्या : २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महानगरपालिकेत आली. त्या २३ गावांपैकी वाघोली हे एक. तेथील रहिवासी महानगरपालिकेचा करदाता झाला, परंतु गाव पालिकेत आले तेव्हा त्याचा पिन क्रमांक ४१२२०७ हाच राहिला. ४१२ ह्या मालिकेत सासवड आहे, जेजुरी आहे, आणि सातारा जिल्ह्यातील वाई, पाचगणी व महाबळेश्वर हीसुद्धा आहेत. उलटपक्षी हिंजवडी ग्रामपंचायतीच्या कारभारात असतानाच तिला ४११०५७ हा पुणे शहराच्या मालिकेतील क्रमांक मिळाला. म्हणजे शहरात आलेले गाव टपालाच्या लेखी ग्रामीण राहिले आणि ग्रामपंचायतीचे गाव शहरी ठरले. नवी मुंबईच्या बाजूसही असेच आहे. बेलापूरचा क्रमांक ४००६१४, तर त्याला लागूनच असलेल्या खारघरचा ४१०२१०. आणि ही ४१० मालिका पनवेल-कर्जतपासून थेट पुणे जिल्ह्यातील जुन्नरपर्यंत पसरलेली आहे. ‘४००’ म्हणजे मुंबई अशी समजूत असल्यामुळे ह्या तीन अंकांना घरखरेदीच्या बोलण्यांत जे मोल येते, ते छाननीच्या पेट्यांची रचना करणाऱ्यांच्या मनातही आले नसेल.

पत्रांची संख्या रोडावलेली असताना ह्या क्रमांकावरून एवढी चिडचीड का व्हावी, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. पत्र चुकते म्हणून ही चिडचीड होते, असे नाही. जुन्या क्रमांकाचे पत्र जुन्या कचेरीत जाते आणि तेथून बहुधा पुढे रवाना होते. विलंब होतो, परंतु पत्र मिळते. खरी अडचण टपाल खात्याबाहेरची आहे. आधारपत्र, बँकेचे खाते, पारपत्र, वस्तु व सेवा कराची नोंदणी ह्या सर्वांत पिन क्रमांक हा पत्त्याचा आवश्यक घटक मानला गेला आहे. एका पुराव्यावर जुना क्रमांक व दुसऱ्यावर नवा असला, म्हणजे दोन निराळे पत्ते आहेत असा संशय घेतला जातो. घरपोच माल पाठविणारी दुकाने तर आपण एखाद्या ठिकाणी माल पोचवितो की नाही, हे केवळ ह्या सहा अंकांवरून सांगतात. संगणकावरील अर्जात पिन घातला की जिल्ह्याचे नाव आपोआप भरले जाते. आणि तेथे जुनी यादी वापरात असली, तर पुढे काय होते हे वसई-विरारकरास विचारावे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाला, परंतु पिन क्रमांक ४०१ च्या मालिकेतच राहिला. ज्या याद्यांत त्या क्रमांकापुढे ‘ठाणे’ लिहिलेले होते, त्या सुधारेपर्यंत अर्जदाराने आपला जिल्हा कोणता सांगावा?

ह्यात दोष नेमका कोणाचा, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. टपाल खात्याने आपले साधन आपल्या सोयीप्रमाणे बदलले. ते त्याचेच होते. इतर संस्थांनी ते आयते उचलले, परंतु ते बदलते आहे ह्याची तजवीज आपल्या दप्तरात केली नाही. ह्या दोहोंच्या मधल्या दुरुस्तीचे काम, म्हणजे प्रत्येक खिडकीवर जाऊन नवा क्रमांक नोंदविणे, हे ज्याने काहीच केले नाही त्या रहिवाशाच्या वाट्यास आले.

ही स्थिती केवळ आपल्याकडचीच आहे, असे नव्हे. अमेरिकेत १ जुलै १९६३ रोजी पाच अंकी ‘झिप’ क्रमांक सुरू झाला. तोही बटवड्याच्या मार्गांचा समूह दर्शवितो, भूभाग नव्हे. म्हणूनच तेथील जनगणना कार्यालयाला २००० च्या जनगणनेसाठी ‘झिप’शी मिळतीजुळती, परंतु निश्चित सीमा असलेली निराळी क्षेत्रे आखून घ्यावी लागली. कॅलिफोर्नियात १९८८ च्या १०३ क्रमांकाच्या लोकप्रस्तावाने मोटारविम्याचा हप्ता ठरविताना चालकाची पूर्वीची नोंद, वर्षभरातील प्रवासाचे मैल व अनुभवाची वर्षे ह्या बाबींना प्राधान्य देण्याचे बंधन घातले. राहत्या जागेच्या झिप क्रमांकास विमा कंपन्या जे वजन देत, त्याविरुद्धची ती प्रतिक्रिया होती. आपल्याकडे पिन क्रमांकावरून लोकवस्तीची वा उत्पन्नाची तुलना करणाऱ्या प्रबंधकारांनी ह्या अनुभवाची दखल घेणे आवश्यक आहे. दोन सालांच्या आकडेवारीत तोच क्रमांक दिसला, तरी त्यामागचा प्रदेश तोच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

२७ मे २०२५ रोजी टपाल खात्याने ‘डिजिपिन’ नावाची निराळी पद्धती जाहीर केली. तीत देशाचा नकाशा सुमारे चार मीटर लांबीरुंदीच्या चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनास अक्षरे व अंक मिळून दहा चिन्हांची खूण दिलेली आहे. ही खूण स्थळाची आहे, कचेरीची नव्हे. तेव्हा कचेरी हलली किंवा फेरी बदलली तरी ती बदलण्याचे कारण उरत नाही. परंतु तिने पिन क्रमांक रद्द केलेला नाही, आणि इमारतीत एकाच चौकोनावर एकावर एक असलेल्या घरांना ती एकच पडते. नव्या संकुलातील रहिवाशापुढे जो छापील अर्ज येतो, त्यात पिनसाठी सहा चौकटी आहेत. आणि त्यांत कोणते अंक भरावेत, हे त्याला अद्याप आपल्या पोस्टमनलाच विचारावे लागते.